कपाटातला पृथ्वीगोल

रत्नागिरी जिल्ह्यातल्या विज्ञान आणि भूगोल शिकवणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. पृथ्वी सपाट आहे, नासा आणि इस्रो मिळून जगाला फसवतात, अंटार्क्टिका म्हणजे कडेची बर्फाची भिंत, वगैरे. हर्णैच्या एका तरुण तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याने, तो गावच्या ग्रुपवर टाकला होता, तिथून कुणीतरी गंमत म्हणून आपल्याकडे आणला. खाली हसणाऱ्या बाहुल्यांची रांग लागली. एका गुरुजींनी लिहिलं, ‘अशांना परत पहिलीत नेऊन बसवा.’

बसवून झालंय. पाचवी ते सातवी तो माझ्याच वर्गात होता. ‘पृथ्वीचा आकार कसा आहे?’ या प्रश्नाला त्याने बरोबर उत्तर लिहिलं आणि मी त्याला पूर्ण गुण दिले. म्हणून तुमच्यासारखं मला हसता आलं नाही, आणि म्हणून हे पत्र.

आमच्या शाळेत एक पृथ्वीगोल होता. चांगला होता, आस कललेली, समुद्र निळाशार. पोरं फोडतील म्हणून तो कपाटात असायचा, किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात, आणि तपासणीचे साहेब येणार असले की धूळ पुसून टेबलावर. मी त्या शाळेत असताना तो किती वेळा बाहेर आला हे मला बोटांवर मोजता येईल. सहावीत असताना या मुलाने विचारलं होतं, ‘बाई, मग खालच्या अंगाचं पानी सांडत कसं नाय?’ समुद्रावरच्या घरातला पोरगा, त्याला पाण्याचीच काळजी. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: गुरुत्वाकर्षण. पोरांनी वहीत उतरवून घेतलं आणि तास संपला. शंका उकळत होती, मी तिच्यावर शब्दाचं झाकण ठेवलं. खाली ती उकळतच राहिली असणार.

झाकणाखाली काय असतं हे शोधणारं एक काम मी निवृत्तीनंतर वाचलं, आणि नोकरीत असताना का वाचलं नाही म्हणून चुटपुट लागली. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रुअर या दोघांनी 1992 साली अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना पृथ्वीबद्दल विचारलं. ‘आकार कोणता’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. सरळ चालत राहिलात तर कुठे पोचाल, कडेवरून पडाल का, चित्र काढा, माणसं कुठे उभी आहेत ते दाखवा, असं खोदून खोदून विचारलं. ‘गोल’ म्हणणाऱ्या कितीतरी मुलांच्या डोक्यात निराळंच होतं. कुणाची पृथ्वी भाकरीसारखी, गोल पण चपटी. कुणाची पोकळ चेंडूसारखी, माणसं आतल्या सपाट जमिनीवर आणि वर झाकणासारखं आकाश. कुणाच्या चक्क दोन पृथ्व्या: एक बाई सांगतात ती वर आकाशात लटकलेली, दुसरी पायाखालची आपली. पुढे 1996 मध्ये हैदराबादच्या मुलांवर असंच काम झालं, तिथे पाण्यावर टेकलेली पृथ्वीही बरीच सापडली. आता सांगा, आपल्या मुलांनी चित्रं काढली असती तर काय निघालं असतं? मी कधी काढायलाच लावली नाहीत.

म्हणजे हा मुलगा गोल पृथ्वीवरून सपाट पृथ्वीवर गेला असं मी म्हणणार नाही. पायाखालची सपाट पृथ्वी त्याच्याकडे पहिल्यापासून होती. गोल होती ती परीक्षेपुरती, कपाटातली. व्हिडिओ आला, आणि पायाखालचीला पहिल्यांदाच कुणीतरी पाठिंबा देणारं भेटलं.

मी त्याला फोन केला. सुरुवातीला आवाज चढवूनच बोलले, बाईपणा जात नाही. ‘अरे, जीपीएसवर बोट चालवतोस, तो उपग्रहावरून चालतो ना?’ तो म्हणाला, टॉवरवरून चालतो. मी म्हटलं, चाळीस वाव खोल पाण्यात तुझ्या मोबाइलला रेंज नसते, जीपीएसला कुठल्या टॉवरची असते? तिथे तो जरा थांबला. मला वाटलं, जिंकलं. मग त्याने शांतपणे विचारलं, ‘बाई, तुमी सवता बगितलाव काय, गोल हाय ती?’

आयुष्यभर शिकवलं आणि मी स्वतः बघितलं नव्हतं. पुस्तकात वाचलं होतं, चित्र बघितलं होतं. त्यानेही व्हिडिओत चित्रच बघितलं होतं. माझं चित्र खरं आणि त्याचं खोटं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आम्हा दोघांची ते मानण्याची रीत एकच होती. कुणीतरी सांगितलं, मानलं. फरक एवढाच की मी ज्यांच्यावर विश्वास ठेवला ते विश्वासाला पात्र निघाले.

आणि विश्वासाचं म्हणाल तर त्याच्या बाजूनेही बघा. मोजणीवाले गावात येतात, ‘साधी पाहणी आहे’ म्हणतात, आणि वर्षभराने कळतं की ती साधी नव्हती. रस्ता चौपदरी होतोय हे ऐकत पोरांची लग्नं झाली. इशारा येतो, दोन दिवस बोटी बांधून ठेवाव्या लागतात आणि लख्ख ऊन पडतं. 2009 च्या फयान वादळाच्या वेळी मात्र कितीतरी बोटी बाहेरच सापडल्या. असं आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी सांगितलं की ‘वरचे लोक तुझ्यापासून काहीतरी लपवतात’, तर त्याला ते ओळखीचं वाटतं. लपवतातच. फक्त पृथ्वीचा आकार लपवत नाहीत. संशयाची सवय त्याला अनुभवाने लागली आहे. ती चुकीच्या खांबाला बांधली कुणी, हा प्रश्न आहे.

कुणी बांधली याचा थोडा माग लागतो. तेव्हा टेक्सास टेक विद्यापीठात असलेल्या ॲशली लँड्रम यांनी अमेरिकेत 2017 आणि 2018 साली भरलेल्या सपाट पृथ्वीवाल्यांच्या परिषदांना जाऊन 30 जणांच्या मुलाखती घेतल्या. एक सोडून सगळ्यांनी सांगितलं की दोन-तीन वर्षांपूर्वी आपण असं काही मानत नव्हतो, यूट्यूबवर बघून मत बदललं. उरलेल्या एकाला मुलीने आणि जावयाने सांगितलं होतं, आणि त्यांनी ते यूट्यूबवर बघितलं होतं. बरेचसे आधी दुसऱ्याच कटाचे व्हिडिओ बघत होते, त्यातून यूट्यूबच्या व्हिडिओ सुचवणाऱ्या यंत्राने हा पुढे सरकवला. जून-जुलैची मासेमारीबंदी, बाहेर मुसळधार पाऊस, बोट शाकारलेली आणि हातात फोन. आमच्याकडे अशा व्हिडिओंना यापेक्षा चांगला हंगाम मिळणार नाही.

पण यंत्राला सगळा दोष देऊन मोकळं होऊ नका. तो व्हिडिओ मी तीनदा बघितला, शिक्षिकेच्या नजरेने, आणि मला थोडा हेवा वाटला. तो बघणाऱ्याला म्हणतो: कुणाचं ऐकू नकोस, तुझे डोळे आहेत ना, किनाऱ्यावर जा आणि बघ. पुढचं सगळं खोटं असेल, पण हे वाक्य आपण कधी म्हटलं? आपण म्हटलं, पान 42 उघडा.

तर आम्ही किनाऱ्यावर गेलो. आणि पहिल्यांदा मी सपशेल हरले. हे सविस्तर सांगते, कारण तुम्हीही याच जागी हराल.

पाठ्यपुस्तकातला दाखला आपल्या सगळ्यांना तोंडपाठ: जहाज दूर जाताना आधी तळ दिसेनासा होतो, शेवटी डोलकाठी. मुरूडच्या पुळणीवर संध्याकाळी उभे राहिलो. एक लहान होडी बाहेर चालली होती. लहान झाली, अंधुक झाली, गेली. मी म्हटलं, बघ. त्याने खिशातून फोन काढला, झूम केला, आणि होडी परत आली! तळासकट, वल्ह्यासकट. ‘हेच तर दाखवतात बाई व्हिडिओत,’ तो म्हणाला. खवचटपणे नाही, मला वाईट वाटू नये अशा बेताने. त्यामुळे जास्तच लागलं.

घरी येऊन कागद घेतला. उभ्या माणसाचा डोळा पाण्यापासून साधारण 1.7 मीटरवर असेल तर क्षितिज सुमारे 4.7 किलोमीटरवर येतं. हिशोब सोपा आहे: उंचीच्या मीटरांचं वर्गमूळ काढा, 3.57 ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. ती होडी जेमतेम तीन किलोमीटर गेली असेल. क्षितिजाच्या अलीकडेच होती, फक्त डोळ्याला बारीक झाली होती, म्हणून झूमने परत आली. वर संध्याकाळ, आपल्या किनाऱ्यावर तेव्हा सूर्य समोर असतो आणि पाण्यावर नुसती चकाकी. मी पुस्तकातला दाखला सांगत आले, पण किती लांब, किती उंचीवरून, कोणत्या वेळी, हे त्यात कधी घातलंच नव्हतं. व्हिडिओवाले नेमक्या याच फटीतून आत शिरतात.

ही फट जुनी आहे. 1838 साली इंग्लंडमध्ये सॅम्युएल रोबोथम नावाचा माणूस ओल्ड बेडफर्ड नावाच्या सरळसोट कालव्यात उतरला, डोळा पाण्यापासून वीतभर उंचीवर ठेवला, आणि सहा मैल जाणाऱ्या होडीचं निशाण त्याला शेवटपर्यंत दिसलं. झालं, पृथ्वी सपाट! पाण्यालगतची हवा उजेडाला वाकवते, म्हणून पृथ्वीच्या फुगवट्याआड गेलेलंही दिसतं, हे त्याने लक्षात घेतलं नाही. (आपल्याकडे कधीकधी लांबची बोट पाण्याच्या वर हवेत तरंगताना दिसते, तीही या हवेचीच करामत.) पुढे 1870 मध्ये जॉन हॅम्पडेन या त्याच्या अनुयायाने 500 पौंडांची पैज लावली. ती घेतली आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी, डार्विनबरोबर नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारे तेच. तरुणपणी त्यांनी जमीन मोजणीचं काम केलेलं. त्यांनी नजरेची रेषा पाण्यापासून चांगली तेरा फूट वर उचलली, मध्ये तेवढ्याच उंचीची खूण उभी केली, आणि मधली खूण दोन्ही टोकांपेक्षा उंच दिसली. पैज जिंकली. हॅम्पडेनने मान्य केलं? पुढे कित्येक वर्षं तो वॉलेसना शिव्यांची पत्रं लिहीत राहिला, तुरुंगातही गेला, पण हटला नाही. या माणसाशी पैज लावली ही घोडचूक झाली, असं वॉलेसना पुढे वाटत राहिलं.

मी पैज लावली नाही. एवढंच म्हटलं की मागच्या वेळी माझी मांडणी चुकली, परत जाऊ. तो लगेच तयार झाला. आपल्या बाई चुकल्या म्हणाल्या, हेच त्याला नवीन होतं बहुतेक.

दुसऱ्या वेळी सकाळ धरली, ऊन पाठीशी. पाऊस संपून हवा धुतल्यासारखी झाली होती. त्याचा धाकटा भाऊ मोठी बोट घेऊन सुवर्णदुर्गाच्या बाहेरून सरळ पश्चिमेला निघाला. मी आंजर्ल्याच्या पुळणीवर, गळ्यात जावयाची दुर्बीण. तो मोटरसायकलवरून वर कड्यावरच्या गणपतीपाशी. भाऊ जीपीएस बघून फोनवर मैल सांगत होता. साडेसहा मैल झाले, समुद्री मैल, म्हणजे 12 किलोमीटर, तेव्हा मी त्याला थांबायला सांगितलं.

दुर्बिणीतून मला केबिनचं छप्पर दिसत होतं, डोलकाठी दिसत होती, तिच्यावरचं फडकं दिसत होतं. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, नव्हती. निळ्या रंगाचा तळाचा पट्टा नव्हता. कुणी सुरीने बोट आडवी कापून वरचा तुकडा पाण्यावर ठेवावा तसं. दुर्बीण कितीही फिरवली तरी खालचा भाग येईना. मी वर फोन लावला. तो म्हणाला, ‘बाई, आख्खी दिसते. खालचा निळा पट्टापन दिसतो.’ मी त्याला इथलं सांगितलं. तो काही न बोलता दहा मिनिटांत खाली आला, माझ्या हातातून दुर्बीण घेतली आणि बराच वेळ बघत राहिला. मग भावाला फोन लावून विचारलं, ‘काय रे, पानी शिरलाय काय?’

पाणी शिरलं नव्हतं. बोट जिथल्या तिथे होती. आम्ही दोघं एकाच बोटीकडे, एकाच वेळी, दोन उंचींवरून बघत होतो, एवढंच. नंतर तो म्हणाला की लांबून परतताना आधी डोंगराचे माथे दिसतात आणि माडांची रांग सर्वांत शेवटी, हे त्याने आजोबांपासून ऐकलंय, रोज बघितलंय. त्याचा याच्याशी संबंध आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. कुणी म्हणजे मी.

शेजारच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित आठवा. शिक्षकाची नोकरी करता करता त्यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला, 1896 मध्ये छापून आला. ज्या परंपरेचा इतिहास त्यांनी लिहिला तिच्यात आमच्या तांडेलाच्या प्रश्नाचं उत्तर तयार आहे. भास्कराचार्य गोलाध्यायात म्हणतात, वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच वाटतो. पृथ्वी अवाढव्य, तिच्या पाठीवरचा माणूस चिमुकला, म्हणून त्याला ती सपाट दिसते. ‘तुझे डोळे खोटे आहेत’ असं ते म्हणत नाहीत. तुला सपाट दिसतं ते बरोबरच दिसतं, का दिसतं ते ऐक, असं म्हणतात. आर्यभटाने तर 499 साली नावेचाच दाखला दिला: नावेतल्याला काठ मागे जाताना दिसतो, तशा आपल्याला चांदण्या पश्चिमेला जाताना दिसतात. आपल्या मुलांसाठीच लिहिल्यासारखं आहे. (मात्र ‘भूगोल या शब्दातच गोल आहे’ हा युक्तिवाद कृपा करून करू नका. सगळे करून बसलेत आणि त्याने कुणाचंही मत बदललेलं मी पाहिलं नाही.)

आता तुम्ही विचाराल, मग त्याने ग्रुपवर लिहिलं का, की माझं चुकलं? नाही लिहिलं. मी विचारलंही नाही. एकदा आपणहून म्हणाला, ‘तिथं आता काय बोलणार बाई, सगळे आपलेच हायत.’ बंदीच्या दिवसांत हे सात-आठ जण रात्री जेटीवर बसून हेच बोलायचे. त्यांच्यात तो ‘माहितीवाला’ झाला होता. बोटीवर मालकाचं ऐकायचं, बंदरात दलालाचं, ऑफिसात साहेबाचं. जगाला फसवणारं गुपित आपल्याला कळलंय, ही भावना काय असते याचा विचार करून बघा.

शिवाय हे मत फुकट पडतं. वाऱ्याबद्दल तो असं कधीच वागणार नाही, कारण वाऱ्याबद्दल चुकलं तर माणूस घरी येत नाही. भरतीबद्दलही नाही, तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो आणि ती बरोबर येते. पृथ्वी सपाट मानली तर त्याचं काय बिघडतं? जाळ्यात तेवढेच बांगडे येतात. ज्या चुकीची किंमत द्यावी लागत नाही ती सोबतीसाठी सांभाळता येते. सोडायची म्हटली की मग किंमत पडते, आणि ती माणसांत मोजावी लागते.

डिसेंबर 2024 मध्ये हे जगासमोर घडलं. विल डफी या अमेरिकन पाद्र्याने सपाट पृथ्वीच्या काही नामवंत प्रचारकांना अंटार्क्टिकाला नेलं. तिथल्या उन्हाळ्यात सूर्य चोवीस तास मावळत नाही. त्यांच्या नकाशात हे बसत नव्हतं, म्हणून तसं होतच नाही असा त्यांचा दावा होता. सूर्य मावळला नाही. जेरन कॅम्पानेला हा त्यांच्यातला मोठा यूट्यूबवाला, त्याने कॅमेऱ्यासमोर कबूल केलं की या बाबतीत आपण चुकलो. त्याच्याच पंथातले लोक त्याच्यावर तुटून पडले. हा विकला गेला, मागे पडदा लावून चित्रण केलंय, इथपर्यंत. न मावळणारा सूर्य बघायला त्याला एक प्रवास पुरला. तो बघितला असं म्हणायला सगळा गोतावळा पणाला लावावा लागला. आमच्या तांडेलाने तरी ते जेटीवरच्या सात जणांपुढे का करावं, आणि तेही पलीकडे तुम्ही हसत उभे असताना?

म्हणून माझी पहिली विनंती, त्या ग्रुपवरच्या हसणाऱ्या बाहुल्या काढून टाका. परत येणाऱ्याला वाट हवी असते, आणि ती वाट तुमच्या दारावरून जाते. दुसरी विनंती कपाटाच्या किल्लीची आहे. फुटला तर फुटला पृथ्वीगोल, मी नवीन घेऊन देईन, माझी पेन्शन चालू आहे. मुलांना त्याच्यावर मातीची माणसं चिकटवू द्या, खालच्या बाजूलाही, आणि पाणी का सांडत नाही हे विचारू द्या. उत्तर येत नसेल तर ‘उद्या बघून सांगते’ म्हणा. मी म्हटलं नाही.

तिसरं, या रविवारी आंजर्ल्याला या. बोट तो देतोय, डिझेलचे पैसे आपण वर्गणी काढून द्यायचे, ते त्याने आधीच बजावलंय. निम्मे पुळणीवर, निम्मे कड्यावर, मग अदलाबदल. त्या दिवशी त्रयोदशी आहे, म्हणजे भरती पावणेदहाच्या आसपास; आठपर्यंत पोचलात तर उभं राहायला कोरडी पुळण मिळेल. दुर्बीण एकच आहे, कुणाकडे असेल तर आणा.

तुमची,
दापोली तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका